चौथ्या गणिताचे राहिलेले उत्तर

सर,

तुमच्यावर दोन पाने लिहून द्यावीत अशी मागणी माझ्याकडे आली आहे. तुम्ही गेलात त्याला पुष्कळ वर्षे झाली. आता तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी एक स्मरणिका काढायची ठरवली आहे. मागच्या रविवारी ती मागणी घेऊन जो आला तो आमच्या वर्गातला पुढच्या बाकावरचा, रामदासपेठेतल्या वकिलांचा मुलगा. तुमचा आवडता. आता तो तुमच्याच कॉलेजात, तुमच्याच खोलीत बसून गणित शिकवतो. स्कूटर फाटकाशी लावली आणि तिथूनच ओरडला, “काय गा संत्री, आहेस का घरात?” माझी बायको हात पुसत बाहेर आली. सव्वीस वर्षांत हे नाव माझ्या घरात कुणी उच्चारलेले नव्हते. तिने विचारले, “संत्री म्हणजे?” तो हसत म्हणाला, “वैनी, हे नाव आमच्या सरांनी ठेवलं होतं याले. मोठ्या प्रेमानं.”

प्रेमाने. तो शब्द त्याने इतक्या सहज वापरला की मला त्याच्याशी भांडताही येईना. चहा पिता पिता म्हणाला, “दोन पानं लिहून दे. सरांची शिस्त, सरांचं धोतर, सरांचा खडू. वाचणाऱ्याचे डोळे भरून आले पाहिजे.” मी म्हटले, “तू काहून नाही लिहीत?” तर म्हणतो, “मी संपादक आहे ना बाबू. मले दुसऱ्याच्या चुका पाहाव्या लागतात.” ती दोन पाने मी लिहीन. तुमच्या धोतराला कधी खडूचा डाग दिसला नाही हे खरेच आहे, तेही लिहीन. पण आधी हे लिहितो, कारण हे पोटात ठेवून ते लिहिले तर ती साधी लबाडी होईल, आणि मी रोज सकाळी ज्या देवासमोर बसतो त्याला लबाडी दिसते.

तुम्हाला माझी शाळा ठाऊक नव्हती आणि तुम्ही ती कधी विचारली नाही. काटोलच्या पलीकडे आमचे गाव. दोन खोल्यांची शाळा, भोवती संत्र्यांच्या बागा. गुरुजी एकच. त्यांना बीजगणिताचा नाद होता. अभ्यासक्रमात नसतानाही ते आम्हा चार-पाच पोरांना शाळा सुटल्यावर ते शिकवत. त्यांची सगळी गणिते बागेतली असत. बागेत जितक्या ओळी आहेत त्याहून तीन कमी झाडे एका ओळीत आहेत, एकूण झाडे इतकी, तर ओळी किती? समीकरण मांडायचे, सोडवायचे, दोन उत्तरे आली की त्यातले उणे उत्तर खोडायचे. मी पहिल्यांदा उणे उत्तर खोडले नाही तेव्हा गुरुजी म्हणाले, “उणे झाड कोणाच्या बापानं लावलं गा? खोड त्याले.” एकदा एक उत्तर शून्य आले तर म्हणाले, “झाडच नसंल तं गणित कायले करून राहिला?” मग आम्ही शून्यही खोडू लागलो, पुढे पुढे शून्य येऊच देत नव्हतो. दोन्ही बाजूंना क्ष दिसला की छाटून मोकळे. शेवटी उत्तर समीकरणात परत घालून ताळा पाहायचा. ताळा जुळला की गुरुजी मान हलवत. बागेच्या गणितात ते चूक नव्हते. काटोलच्या हायस्कुलातही पेपरात अशीच गणिते येत, त्यामुळे ती सवय मॅट्रिकपर्यंत कुठे अडली नाही. ती अडली तुमच्या वर्गात.

कॉलेजचा पहिला महिना. मी फळ्यापाशी उभा आहे. समीकरण सोपे आहे, क्ष² − ३क्ष − १० = ०. मी अवयव पाडतो, पाच आणि उणे दोन अशी उत्तरे लिहितो, आणि हात आपोआप पुढे जाऊन उणे दोनवर काट मारतो. तुम्ही खुर्चीतून विचारता, “ते का खोडलंस?” मी म्हणतो, “उणे आहे सर.” “मग?” “उणे झाड नसते सर.” वर्गात हसण्याचा लोट येतो. तुम्ही हसत नाही. तुम्ही शांतपणे विचारता, “कुठलं झाड?” आणि मी, सतरा-अठरा वर्षांचा मूर्ख, खरे उत्तर देतो, “संत्र्याचं.” त्या दिवसापासून हजेरी घेतानासुद्धा तुम्ही माझे नाव घेतले नाही. “संत्री?” म्हणून विचारायचे, आणि मी “हजर” म्हणायचे. चार वर्षे मी त्या नावाला हजर म्हणत राहिलो, सर. आता तुमचा आवडता त्याला प्रेम म्हणतो.

त्याच वर्षी दिवाळीनंतर गावाहून निघताना आईने टोपलीभर संत्री बांधून दिली. “मास्तरले रिकाम्या हातानं भेटू नये,” म्हणाली. आमच्याकडे तो रिवाज होता. गुरुजींकडेही पहिल्या तोडणीतली फळे जात, आणि गुरुजी ती वर्गात सगळ्यांना वाटून टाकत. रविवारी ती टोपली डोक्यावर घेऊन मी धंतोलीत तुमच्या घरी आलो. तुम्ही व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होता. शंका विचारायला आलेली तीन मुले चटईवर बसली होती. तुम्ही टोपलीकडे पाहिले आणि विचारले, “किती मार्कांची आहेत?” मला प्रश्न समजायला वेळ लागला. मुलांना लगेच समजला. तेवढ्यात काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या. त्या इकडच्याच, वर्ध्याकडच्या; तुमच्यासारखी पुण्याची भाषा त्यांना चिकटली नव्हती. “इकडे ये बाप्पा, उन्हात काहून उभा राहिला?” म्हणत त्यांनी मला आत नेले, पाटावर बसवले, चहा दिला, आणि माझ्यासमोर एक संत्रे सोलून फोड तोंडात टाकली. “लय गोड आहे गा. मायले सांगजो.” बाहेरून तुमचा आवाज आला, “ती टोपली परत गेली पाहिजे.” काकूंनी माझ्याकडे पाहिले, चार संत्री उचलली, पिठाच्या डब्यात खोल खुपसली, आणि झाकण लावून म्हणाल्या, “गेली परत.” त्या घरातली तेवढी एकच आठवण मला हवीशी आहे, आणि तिच्यात तुम्ही नाही. उरलेली टोपली मी खोलीजवळच्या मारुतीच्या देवळात ठेवली. पुजाऱ्याने प्रसाद म्हणून वाटली. मारुतीने मार्कांचे विचारले नाही.

दुसऱ्या वर्षी शून्य आले. क्ष² = ७क्ष. मी दोन्हीकडून क्ष छाटला आणि सात लिहिले. तुम्ही म्हणालात, “दुसरं?” मी म्हटले एकच येते. तुम्ही खुर्चीतून उठलात, माझ्याजवळ आलात. “क्षने भागलंस. तो क्षच शून्य असेल तर? शून्याने भागतोस? वर्गसमीकरणाला दोन उत्तरं असतात. एक तुझ्या हातात आहे. दुसरं काय केलंस, बांधावरून पलीकडे फेकलंस?” गणित तुमचे बरोबर होते. ते मी तेव्हाही जाणले. पण तुम्ही तिथे थांबला नाहीत. “खेड्यातल्या शाळेत असंच चालतं. नको असलेलं उत्तर झाकून ठेवायचं.” मी खाली मान घालून म्हटले, “सराव करीन सर.” त्यावर तुम्ही चाळीस मुलांकडे वळून म्हणालात, “सरावाने हमालाची पाठ तयार होते. डोकं तयार होत नाही. ते घरून आणावं लागतं.”

गेली सव्वीस वर्षे मी हायस्कुलात गणित शिकवतो. दर जून महिन्यात नव्या वर्गासमोर पहिले वाक्य मी हेच बोलतो की डोके घरून आणावे लागत नाही. मुलांना वाटते मास्तर धीर देतात. मी धीर देत नसतो. मी तुमच्याशी भांडत असतो.

त्या वाक्यानंतर मी सराव सुरू केला. सीताबर्डीच्या मागे माझी खोली होती. पहाटे स्नान, देवाच्या तसबिरीसमोर स्तोत्र, आणि मग तिथेच मांडी न मोडता पाटीवर दहा समीकरणे. पुस्तकातली संपली तेव्हा मी स्वतः बनवू लागलो. तीन-चार आकडे मनात धरायचे, समजा दोन, चार आणि उणे एक. त्यांचे कंस करून गुणायचे, आलेली बहुपदी चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायची. पंधरा दिवसांनी, आकडे विसरल्यावर, चिठ्ठी काढून सोडवायची. आधी एका चिठ्ठीला अर्धा तास लागे. सहगुणकांची बेरीज शून्य आली की एक हे उत्तर असते, एकाआड एक सहगुणकांच्या बेरजा सारख्या आल्या की उणे एक असते, अशा खुणा मला तुम्ही शिकवण्याआधी पाटीने शिकवल्या. वर्षभरात अर्ध्या तासाची पाच मिनिटे झाली. मग असे होऊ लागले की समीकरण वाचता वाचता त्यातले आकडे वर येत, जसे गढूळ पाणी थोडे बसले की तळाचे खडे दिसतात. उणे उत्तर खोडायची सवयही गेली. मी डब्यात मुद्दाम उण्या आकड्यांच्या चिठ्ठ्या जास्त टाकत होतो. ती खोली, ती पाटी, बाहेर झाडणाऱ्या बाईचा खराटा वाजतो आहे आणि माझ्या हाताखाली घनसमीकरण उकलते आहे. इतका शुद्ध आनंद मला पुढे थोड्याच वेळा मिळाला. तो तुमच्याबद्दलच्या द्वेषातून आला होता, हे मात्र देवालाही मी कधी नीट सांगितले नाही.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. आकडे मीच निवडत होतो. आणि दोन वर्षांत, हजारो चिठ्ठ्यांमध्ये, मी शून्य एकदाही निवडले नाही. शून्य धरून कोण कशाला गणित बनवील? मला जे येत होते ते रोज जास्त येऊ लागले, आणि जिथे भोक होते तिथे मी रोज त्याला वळसा घालून जात राहिलो.

शेवटच्या वर्षी तुम्ही ती चाचणी घेतली. पाच समीकरणे. एम.एस्सी.ला गणित मिळायला तुमचा शब्द लागे, आणि तो शब्द तुम्ही या चाचणीवरून देणार होता. माझ्या घरी हे सगळ्यांना माहीत होते. बाबांनी मला जवळ बसवून म्हटले होते, “बाग भावाले दिली, तुले गणित दिलं. आता तुह्या हातात आहे.” मी बाग मागितली नाही. मला गणित हवे होते, आणि ते तुमच्या एका सहीवर अडकले होते. माझी जागा त्या वकिलांच्या मुलाच्या नेमकी मागे. अर्ध्या तासात माझा पेपर झाला. पायऱ्या लिहायचे मला सुचलेच नाही. पाटीवर मी त्या कधीच सोडल्या होत्या. पाच समीकरणे आणि त्यांच्यापुढे नुसती उत्तरे.

पेपर परत द्यायचा दिवस. तुम्ही माझा पेपर दोन बोटांत धरून वर उचलता. “पाचही गणितांची नुसती उत्तरं. एकही पायरी नाही. आणि पुढच्या बाकावर सगळ्या पायऱ्या व्यवस्थित. काय समजायचं?” मी उभा राहून म्हणतो, “मी मनात केली सर.” “मनात?” तुम्ही वर्गाकडे पाहता. “हे मनात करायला मला कागद लागतो.” पुढच्या बाकावरचा मान खाली घालून बसला आहे. पेपर माझ्या बाकावर येऊन पडतो. तुमचा शब्द मला मिळाला नाही. त्या वर्षी तुम्ही तिघांची नावे पाठवलीत. मी पदवी घेतली, मास्तरकीचे शिक्षण घेतले, शाळेत लागलो.

ही गोष्ट मी गावी सांगितली, लग्नानंतर बायकोला सांगितली, मुलांना सांगितली. सांगताना शेवट नेहमी असा असे: सरांनी एक शब्द बोलू दिला नाही. बायकोला ती इतकी पाठ आहे की वर्तमानपत्रात तुमच्या कॉलेजचे नाव आले तरी ती पान उलटून ठेवते. तुम्ही धंतोलीच्या दवाखान्यात शेवटचे पंधरा दिवस होतात तेव्हा माझा शाळेचा रस्ता तिथूनच होता. मला कळले होते. रोज दोन वेळा त्या फाटकासमोरून मी सायकल नेली आणि एकदाही ब्रेक दाबला नाही. काकूंसाठी तरी जायला हवे होते. संध्याकाळी देवापुढे बसून मी घरच्यांसाठी मागतो, गुरुजींच्या आत्म्यासाठी मागतो, वर्गातल्या ढ पोरांसाठीही मागतो. तुमच्यासाठी आजवर मागितलेले नाही. ते बसून ठरवलेले नाही, पण तोंडातून निघत नाही.

तो पेपर माझ्याजवळ आहे. पोथीच्या बासनात ठेवला आहे, कारण तिथे दुसरे कुणी हात लावत नाही. परवा काढला. चौथे समीकरण असे आहे: क्ष⁴ − ५क्ष³ + २क्ष² + ८क्ष = ०. माझी उत्तरे: उणे एक, दोन, चार. तिन्ही बरोबर. पण चार घातांच्या समीकरणाला चार उत्तरे हवीत. प्रत्येक पदात क्ष होता. माझ्या हाताने तो न विचारता छाटला, आणि शून्य गेले. उत्तरांपुढे तुमचे लाल वर्तुळ आहे, आत काही नाही. पुढच्या बाकावरच्या पेपरात चारही उत्तरे होती. ती तुम्ही मला बोलायच्या आधी मोठ्याने वाचून दाखवली होतीत. म्हणजे मी त्याचे पाहून लिहिले असते तर शून्यही लिहिले असते. ते वर्तुळ तुमच्या हाताने काढलेले आहे, सर. तुम्हाला दिसले होते. चोरी झालेली नाही याचा पुरावा तुम्ही स्वतः लाल शाईने नोंदवला आणि मग उभे राहून मला चोर म्हणालात. माझा राग या एका गोष्टीवर उभा आहे, आणि तो खोटा नाही. मी आजही तो सोडत नाही.

पण रविवारी तो वकिलांचा मुलगा जायला निघाला. बायको फाटकापर्यंत आली होती. स्कूटरला किक मारता मारता तो मला म्हणाला, “एक विचारू का गा? सर तुले फळ्यावर बोलवून राहिले होते त्या दिवशी. तू गेला काहून नाही? मी तं वाट पाहून राहिलो होतो, का आता हा सगळ्यायचे तोंडं बंद करते म्हणून.” बायको म्हणाली, “बोलवलं होतं?” मी म्हटले, “वरण लागून राहिलं असंल पाहा.” ती आत गेली. वरण लागले नव्हते.

तुम्ही बोलावले होते. पेपर बाकावर टाकल्यावर तुम्ही टेबलावरचा खडू उचललात, माझ्याकडे धरलात आणि म्हणालात, “मनात येतं ना? ये. चौथं सोडवून दाखव.” पाचातले चौथेच. माझी नजर पेपरवर गेली, लाल वर्तुळावर गेली, आणि त्याच क्षणी मला शून्य दिसले. पुढे घरी जाऊन किंवा वर्षांनी कळले असे नाही. तिथेच दिसले. दोन वाक्ये पुरली असती: सर, माझे एक उत्तर राहिले आहे, त्याचे राहिलेले नाही, मग मी त्याचे पाहिले कसे? पण ती बोलायची तर आधी सांगावे लागले असते की संत्रीने पुन्हा शून्य छाटले. चाळीस मुले पुन्हा हसली असती. गुरुजींच्या शाळेचे नाव पुन्हा वर्गात निघाले असते. चोर म्हणवून घेणे मला त्याहून सोपे वाटले. चोराला निदान हुशार तरी समजतात. तुम्ही खडू धरून बराच वेळ थांबलात. मी बसलो.

तुम्ही चौथेच का म्हणालात, हे मी इतकी वर्षे उलटसुलट केले आहे. मला सोडवायला की पुन्हा एकदा पाडायला, याचा ताळा काही जुळत नाही. जुळला तरी मी तुम्हाला माफ करणार आहे असे समजू नका.

रविवारपासून माझ्या बायकोने तो विषय काढलेला नाही. जेवताना वाढते, हवे-नको विचारते. परवा मी बासनातून पेपर काढला तेव्हा दारातून पाहून गेली. तुम्हाला यातले काहीच सांगायची गरज नव्हती. खडू तुमच्याच हातात होता. हे मी तुम्हाला लिहीत बसलो आहे, कारण तुम्ही उलटून विचारणार नाही. जिला सांगायचे आहे ती आत पोळ्या लाटते आहे, आणि अजून तव्यावर शेवटची पोळी पडलेली नाही.